मोहटोल्याचं विश्वसरकार

शिंगाडे आले.

पवनीच्या बाजारात कालपासून बायका टोपल्या मांडून बसल्या आहेत. उकडून काळेभोर झालेले, तळ्याच्या गाळाचा वास अंगावर घेऊन आलेले, दोन्ही शिंगं उगारून कोणाशी तरी भांडायला निघाल्यासारखे शिंगाडे. मी घेतले, रस्त्यानेच सोलत सोलत खाल्ले, आणि घराचं कुलूप उघडेपर्यंत पुडीत नुसती सालं उरली. घरी नेऊन तरी कोणाला देणार होतो? मुलगा भिलाईला. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. भिंतीला दिले असते, पण भिंतीला शिंगाडे आवडत नाहीत. तिला माझं बोलणं आवडतं, आणि ते ती रोज ऐकते.

शिंगाडे आले म्हणजे मंडई आली. मंडई म्हटलं की पुण्याच्या माणसाला वांगी-टमाटे आठवतात. आमच्या झाडीपट्टीतली मंडई वेगळी. भाऊबीज झालेली असते, हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून शेतात पिवळा पडत असतो, सकाळी धानाच्या तणसावर धुकं बसलेलं असतं आणि माणसाच्या हाताला चार दिवस काम नसतं. अशा मधल्या मोकळ्या दिवसांत गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लाकडी पाळणा करकरतो, ऊस येतो, जिलेबी येते, आणि दिवसाढवळ्या, भर उन्हात, सोंगांची आणि ढोलकीची आमची दंडार नाचते. घरोघर पाहुणे. ज्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग मोठा, तो त्या दिवसापुरता राजा.

मी मात्र राणी असायचो. दंडारीत बायकांची सोंगं पुरुषच घेतात, आणि माझं शिवणकामाचं दुकान असल्यामुळे माझी चोळी मापात असे. बाकीच्या गावांच्या राण्यांबद्दल असं म्हणता येणार नाही. ढोलकी कडाडली, मी पदर दातात धरून एक गिरकी घेतली, की बांधावरची म्हातारी माणसंसुद्धा सावरून बसत. कोंढ्याकडच्या एका गृहस्थाने एकदा आपल्या पुतण्यासाठी माझी चौकशी केली होती. मी तेव्हा एका मुलाचा बाप होतो. स्थळ चांगलं होतं, पण काय करता!

हे सगळं मी आनंदाने सांगतो आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर बरोबर वाटतं आहे. एकटा माणूस आनंदानेच सांगतो. रडत सांगितलं तर ऐकायला येणारे दोघेही येत नाहीत.

पण दरवर्षी शिंगाड्याचा पहिला दाणा दाताखाली फुटला की मला माझी राणी आठवत नाही. सखारामजी आठवतात. आणि त्यांनी मोहटोल्यात काढलेलं जगाचं सरकार आठवतं.

गावांची नावं मी बदलली आहेत. दोन्ही गावची माणसं अजून धडधाकट आहेत आणि मला त्या वाटेने सायकलवर जावं लागतं. तेव्हा एकाला मोहटोला म्हणू, ते माझं गाव, त्या वेळचं. दुसऱ्याला सावरबोडी. दोहोंच्या मधे एक तलाव, आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत गेलं तर एका गावची भाकर दुसऱ्या गावात पोचेपर्यंत गरम राहील एवढंच अंतर.

सखारामजी आमच्या खेड्यातल्या डाकघराचे पोस्टमास्तर होते. होते म्हणजे, निवृत्त झाले होते, पण शाईचा डाग बोटावरून निवृत्त झालेला नव्हता. मी त्यांना काकाजी म्हणायचो. ते मला 'राणी' म्हणायचे, अगदी बाजारातसुद्धा, आणि मी 'आज्ञा महाराज' म्हणून मान लववली की त्यांना फार बरं वाटे. बायको लवकर गेली. एकच मुलगी, सुमन. तिचं लग्न झालं सावरबोडीत.

लोक म्हणत, नशीबवान आहे सखाराम, पोरगी हाकेच्या अंतरावर. पण जवळच्या माहेराचा न्याय उलटा असतो. लांबच्या मुलीला महिनाभर पाठवतात. जवळच्या मुलीला म्हणतात, जवळच तर आहे, जाशील कधीतरी. सुमनची सासू भागीरथाबाई, चोख बाई, घराची शिस्त मोठी. सण असो नसो, सून घरात. फक्त एका दिवशी सुनेने माहेरी जायचं ही त्यांच्या घरची जुनी रीत होती. तो दिवस मोहटोल्याच्या मंडईचा. सावरबोडीची मंडई आधी होई. दुसऱ्या दिवशी आमची. मग सुमन नवऱ्याला, पोरांना, सासूला घेऊन पाळीवरून चालत येई, आणि वर्षभर एका माणसाच्या खोकल्याने भरलेलं काकाजींचं घर त्या दिवशी चुलीच्या धुराने भरे. लाखोळीचे वडे, पातोडीचा रस्सा. काकाजी ओसरीवरच्या चपला पुन्हा पुन्हा नीट लावत. मी विचारलं, "काहून लावून राहिले काकाजी, पुन्हा विस्कटतीनच ना?" तर म्हणाले, "म्हणूनच लावून राहिलो."

तर चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात आपल्या देशाने वाळवंटात बॉम्ब उडवून पाहिला होता. गावात रेडिओवर बातमी आली, सरपंचाने गूळ-खोबरं वाटलं. सगळ्यांनी खाल्लं, मीही. एकट्या काकाजींनी तळहातावर तसंच धरून ठेवलं.

"खा ना जी," सरपंच म्हणाला.

"खातो. पण आता पल्याडचाही बनवन. मंग तोही गूळच वाटन काय?"

गूळ थोडा कडू झाला. काकाजींना असं करण्याची सवय होती.

जगाचं एक सरकार असावं, हे खूळ त्यांच्या डोक्यात पोस्टातच शिरलं होतं. ते सांगत, पोस्टाचं तिकीट पाहा. इथलं लावा, पत्र जपानात पोचतं. मधे दहा देश लागतात, कोणी पत्र फोडत नाही, कोणी अडवत नाही, जपानचा पोस्टमन तुमच्या मोहटोल्याच्या तिकिटाचा मान राखतो. "मंग जे पत्राले जमते थे माणसाले काहून नाही जमत?" आम्ही म्हणायचो, काकाजी, पत्राला जमीन नसते. ते म्हणायचे, हव, आणि पत्राला जातही नसते, चार दिवस पत्र होऊन पाहा.

पण खूळ एका गोष्टीने येतं आणि दुसऱ्या गोष्टीने राहतं. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या गावातल्या एका घरची तार आली होती. पवनीहून ती काकाजींनीच आणली. त्यांनी मला एकदाच सांगितलं, पाळीवर बसून, तळ्याकडे पाहत. त्या घरात तेव्हा धान कुटणं चाललं होतं. मुसळाचा आवाज थांबला की आत जाऊ, म्हणून ते कुंपणाबाहेर बसले. आवाज थांबेना. दोघी बाया आलटून पालटून कुटत होत्या आणि मधे मधे हसत होत्या. "मले वाटलं, असंच कुटत राहाव. मी असाच बसतो. पण आवाज थांबला राणी. थांबतेच ना कधी तरी."

त्यानंतर ते दिसेल त्याला धरून एकच प्रश्न विचारू लागले. दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावरून भांडले तर कुऱ्हाड घेत नाहीत, भंडाऱ्याच्या कोर्टात जातात. का? कारण दोघांच्या वर कोणी तरी आहे. दोन गावं भांडली तर तहसीलदार आहे. दोन राज्यं भांडली तर दिल्ली आहे. दोन देश भांडले तर वर कोण आहे?

"देव हाय ना जी," मी म्हणालो.

"देवाजवळ अपील दाखल होते राणी. तारीख नाही लागत."

यावर मी खूप हसलो. आता घरात रेडिओ लावतो, दोन मोठे देश एकमेकांकडे क्षेपणास्त्रांची तोंडं करून बसल्याच्या बातम्या ऐकतो, आणि मला हसू यायला जरा वेळ लागतो. येतं, नाही असं नाही. मी तसा माणूस आहे. पण वेळ लागतो.

पोळा झाला असेल तेव्हा काकाजींना साक्षात्कार झाला. सकाळी दुकानात आले, मी मशीनवर होतो.

"मशीन थांबव. तुले मंडईची तारीख कोण सांगते?"

"कोण सांगन? सावरबोडीच्या दुसऱ्या दिवशी आपली."

"आन सावरबोडीची?"

"चिचटोल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कोणी ठरवलं? सरकारनं? कलेक्टरनं?" त्यांचे डोळे नुसते लकाकत होते. "एवढी गावं, एवढे सरपंच, एकमेकाचं तोंड न पाहणारे पाटील. आन मंडईची तारीख एकमेकाच्या अंगावर येत नाही. आजपर्यंत एक भांडण नाही! अरे, विश्वसरकार तं अठी तयारच हाय. फक्त लिहून काढायचं राहिलं."

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की काकाजी, नका लिहून काढू. पण त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि शिवाय मला झेंडा शिवायचं काम मिळत होतं.

झेंड्याचा रंग ठरवायला आम्हाला पंधरवडा लागला. भगवा म्हणावा तर एका धर्माचा, हिरवा दुसऱ्याचा, निळा तिसऱ्याचा. लाल म्हटलं तर पोलीस येतील. पांढरा म्हणजे शरण. काळा म्हणजे निषेध. पिवळा मला आवडत होता, पण पिवळा लंगोटीचा म्हणून काकाजींनी नाकारला. जगातले सगळे रंग कोणी ना कोणी आधीच उचललेले होते. शेवटी पवनीच्या हातमागावरचं कोरं, न रंगवलेलं, न धुतलेलं कापड घेतलं. सूत होतं त्याच रंगाचं. मी काठ दुमडून शिवला. तो हवेत धरला तेव्हा काकाजी म्हणाले, "पाय, याच्यावर कोणाचाच हक्क नाही." आणि खरंच, इतकं निर्धास्त कापड मी त्याआधी शिवलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

योजना सोपी होती. आधी मोहटोला आणि सावरबोडी यांचं संयुक्त मंडळ. मग आजूबाजूची गावं. मग तालुका, जिल्हा, आणि मग, काकाजी बोट वर करत आणि ते बोट छपराला लागत असे.

सभा ठेवली तलावाच्या पाळीवर, चिंचेखाली, दसऱ्यानंतर. दोन्हीकडचे सरपंच आले, पाटील आले, मागे आपापली माणसं. हात असलेली खुर्ची एकच होती, शाळेतून आणलेली. काकाजींचा हेतू निर्मळ, की अध्यक्षाने तीत बसावं. पण अध्यक्ष अजून निवडायचा होता. त्यामुळे दोन्ही सरपंच खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि सबंध सभाभर उभेच राहिले. मी झेंडा धरून, चेहरा गंभीर करून. पोटात हसू उकळत होतं.

काकाजी बोलले मात्र फार सुंदर. कोर्टाचं, तहसीलदाराचं, पोस्टाच्या तिकिटाचं. दोन देशांच्या वर कोणी असेल तर मुसळाचा आवाज मधेच थांबणार नाही, असंही म्हणाले. ते कोणाला कळलं नाही.

तेवढ्यात पाळीच्या उतारावरून भागीरथाबाई बोलल्या. त्या सभेला आल्या नव्हत्या, बकऱ्या चारायला आल्या होत्या, फक्त बकऱ्या नेमक्या तिथेच चरत होत्या.

"व्याही, एक विचारू काय?"

"विचारा ना वो."

"सगळ्याहीच्या वर एक सरकार बसवता. ठीक हाय. आन थेच बिघडलं तं? आता बिघडलं तं माणूस एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात पळते. सगळं एकच झालं तं पळावं कोठी?"

इतकी वर्षं लोकांनी काकाजींना थट्टेने प्रश्न विचारले होते. खरा प्रश्न पहिल्यांदा आला होता, तोही विहिणीकडून. "विचार करून सांगतो," ते म्हणाले. याच वेळी भागीरथाबाईंच्या एका बकरीने पुढचे दोन्ही पाय खुर्चीवर ठेवले. मी म्हणालो, "अध्यक्ष सापडले!" लोक हसले. तो त्या सभेचा सगळ्यात चांगला क्षण होता, आणि शेवटचा.

मग काकाजींनी पहिलं कलम वाचलं. सावरबोडीची मंडई आधी आणि मोहटोल्याची दुसऱ्या दिवशी, ही आजवर चालत आलेली पद्धत उभय गावांना मंजूर आहे.

आमचे सरपंच म्हणाले, "थांबा. त्याहीची आधी काहून?"

"आजवर तसंच हाय ना जी."

"आजवर होतं. आता तुमी कायदा करून राहिले. कायद्यात आमी दुसरे काहून?"

"कारण आमी पहिले," पलीकडचे सरपंच म्हणाले.

"कोण म्हणते?"

"आता तुमचेच काकाजी म्हणाले."

जोवर कोणी मंजुरी मागितली नव्हती, तोवर कोणाला नामंजूर करता येत नव्हतं. काकाजींनी ती मागितली. बस, एवढंच. मग तळं कोणी खोदलं, पाट कोणाच्या बाजूने फुटला, कोणाच्या आजाने कोणाच्या आजाला मंडईत ओसरीवर न बसवता अंगणात बसवलं, सगळं निघालं. संध्याकाळ व्हायच्या आत आमच्या सरपंचांनी जाहीर केलं की यंदा मोहटोल्याची मंडई सावरबोडीच्याच दिवशी. पाहुणे कोणाकडे जास्त येतात ते दिसेल. झेंडा माझ्या हातून कोणी तरी घेतला आणि त्याने खुर्ची पुसली, कारण आता तीत बसायचं होतं. कोण बसलं ते मला आठवत नाही. दोघेही बसले असावेत.

लोक पांगले. काकाजी आणि मी पाळीवरून परत निघालो. तळ्यात बायका शिंगाड्याची वेल उचलून पाहत होत्या, दाणा भरला का म्हणून. मी काही तरी विनोद जुळवत होतो. काकाजी एकाएकी थांबले.

"एकाच दिवशी झाली तं सुमन कशी येईन?"

जगाबद्दल ते त्या संध्याकाळी एक शब्दही बोलले नाहीत.

त्यांनी पुढचे दिवस उंबरे झिजवण्यात घालवले. आमच्या सरपंचाकडे जाऊन म्हणाले, मोहटोला दुसरा असू द्या. सरपंच म्हणाले, काकाजी, गावाची इज्जत आहे. सावरबोडीत जाऊन म्हणाले, तुम्ही एक दिवस सरका. ते म्हणाले, चूक आमची नाही, आम्ही जिथे होतो तिथेच आहोत. दोघांचंही बरोबर होतं. दोन देशांचंही असंच बरोबर असत असेल.

मंडईचा दिवस उजाडला. दोन्ही गावांनी पवनीहून भोंगे आणले होते आणि दोन्ही भोंग्यांची तोंडं तळ्याकडे होती. मधल्या पाण्यावर दोन गाणी एकमेकांत अडकून बदकं उडाली. तिसऱ्या गावांचे पाहुणे पाळीवर मधोमध येऊन थबकत, आणि दोन्हीकडची माणसं त्यांना हाताला धरून ओढत. एक जोडपं तर असं फुटलं की नवरा आमच्याकडे जेवला आणि बायको तिकडे.

काकाजींनी पहाटेच डाळ वाटली होती, स्वतः, पाट्यावर. वडे जरा जाड झाले होते. पत्रावळी मांडल्या होत्या, पाणी शिंपडून. माझी दंडार दुपारी होती. मी राणीच्या पूर्ण पोशाखात, नथ लावून, त्यांच्या दारात गेलो.

"आज्ञा महाराज."

ते हसले नाहीत. म्हणाले, "जाऊन पाहतेस काय? तुले कोणी अडवणार नाही. दंडारीवाल्याले दोन्ही गावं मोकळी."

तर मी नऊवारी सावरत, घुंगरं वाजवत, तळ्याच्या पाळीवरून शत्रूच्या मुलुखात गेलो. राजदूत म्हणून इतका नटून कोणी गेला नसेल. सावरबोडीच्या पोरांनी शिट्ट्या घातल्या, मी त्यांना पदर उडवून दाखवला. आणि सुमनच्या अंगणात गेलो तर ती चुलीसमोर, कपाळावर पीठ, वीस-पंचवीस पाहुण्यांच्या पंगतीतून धावत होती.

"भाऊ, तुमी!" तिला हसू आलं, मग डोळे पुसले. धुराने, असं म्हणाली. "बाबा जेवले?"

"तुझी वाट पाहून राहिले."

भागीरथाबाई परातीत भात काढत होत्या. त्यांनी वर न पाहता सांगितलं, "घरात पाहुणे हायेत, सून कशी सोडू? सरकार काढाले तुमच्या काकाजीले कोणी सांगतलं होतं?"

"मंग उद्या पाठवा ना, आई," मी म्हणालो.

"उद्या काय हाय? रिकाम्या दिवशी सून माहेरी कायले जाईन? मंडई असन तं पाठवीन. आमच्या घरची रीत मी मोडली नाही कधी."

तो निरोप मी जसाच्या तसा आणला. वाटेत त्यात थोडी साखर घालावी असं मनात आलं, पण नथीमुळे बोलणं नीट होत नव्हतं. काकाजींनी ऐकलं. पत्रावळी एकात एक रचून ठेवल्या. बराच वेळ त्या मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "मंडई असन तं पाठवीन म्हणाली?"

"हव."

"पुन्हा सांग. जशी बोलली तशी."

मी भागीरथाबाईंच्या आवाजात सांगितलं. अगदी परातीसकट. काकाजी उठले.

"मंग उद्या मंडई. आपली जुनी तारीख उद्याचीच हाय. गाव गेलं तिकडे, मी नाही गेलो."

आता हसावं की काय करावं! जगाचं एक सरकार मागणारा माणूस, सगळ्या सीमा पुसायला निघालेला, त्याने आपल्या अंगणापुरतं वेगळं राज्य काढलं. तेल्याकडून रिकामा डबा घेऊन ते स्वतः पाळीवर गेले आणि सावरबोडीच्या हद्दीवर उभे राहून वाजवत ओरडले की उद्या सखाराम पोस्टमास्तराच्या अंगणात मंडई आहे, यावं. लोक हसले. सरपंच म्हणाले, म्हाताऱ्याचं फिरलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मंडईत होतं काय? शिंगाड्याची एक टोपली, उरलेल्या मालाची. बायकोवर रुसलेला एक ढोलकीवाला, जो घरी जायला तयार नव्हता. आणि मी, कालच्याच पोशाखात, काजळ पुन्हा घालून. गावातलं दुसरं कोणी फिरकलं नाही. सरपंचाचा वाईटपणा कोण घेणार? कुंपणावरून दोन-चार डोकी दिसत आणि खाली जात. ऊन वर आलं. काकाजी ओसरीवर उभे होते, धुतलेला सदरा घालून, आणि ओसरीवर एकही चप्पल नव्हती.

आज ते राहिले नाहीत, आणि दोन्ही गावांची मंडई अजून एकाच दिवशी भरते. नव्या पोरांना वाटतं की ती पूर्वीपासून तशीच आहे. पवनीच्या या खोलीत बसून मी कधी कधी त्या रिकाम्या दुपारचा विचार करतो. जगात माणसाला किती लोक लागतात? काकाजींना चारशे कोटी हवे होते, त्यांची नीट व्यवस्था लावायची होती. आणि त्या दुपारी एक माणूस आलं असतं तरी चाललं असतं. मला आता दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात हे कळतं. तेव्हा मला फक्त नथ टोचत होती.

त्या दिवशी दुपार कलली तेव्हा पाळीवर दोन लुगडी दिसली.

पुढे भागीरथाबाई. मागे सुमन. भागीरथाबाई अंगणाच्या तोंडाशी थांबल्या आणि आत आल्या नाहीत. त्यांनी आधी सगळं तपासलं. टोपली पाहिली. ढोलकी पाहिली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जिल्ह्याचा कलेक्टर पाहणीला आला तरी इतका वेळ लावत नाही. काकाजींचा एक हात खांबाला धरून होता.

भागीरथाबाईंनी टोपलीतला एक शिंगाडा उचलला, सोलला, खाल्ला.

"लहान हाय मंडई," त्या म्हणाल्या. "पण हाय."

आणि चपला काढून ओसरीवर चढल्या. "सुमन, जा, बापाले जेवू घाल. पण सांगून ठेवतो व्याही, दंडार संपली का आमी उठू. दंडार संपली का मंडई संपली, हे तुमच्याही गावात हाय आन आमच्याही."

मी ढोलकीवाल्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे.

आत पत्रावळ मांडल्याचा आवाज आला. मी राणीचा प्रवेश सुरू केला. एकच प्रेक्षक, मांडी घालून, पाठ ताठ. राणीचा राजा शिकारीला जातो, ती विरहात नाचते, हा भाग गावात पाव तास चालतो. मी राजाला दूरच्या शिकारीला पाठवलं. आतून सुमनचा आवाज, "बाबा, वडे जाड झाले ना," आणि काकाजींचा, "तू आलीस ना, आता पातळ कर." मी राजाला जंगलात वाट चुकवली. आतून हसणं आलं. मी राणीला साप चावायला लावला, आणि वैद्य नसल्यामुळे वैद्यही मीच झालो. उन्हं कौलांवरून उतरून अंगणात लांब पसरली. राणी एकदा मेली, पण आत सुमन काही तरी सांगत होती, हळू आवाजात, मधे मधे थांबून, आणि काकाजी नुसते "हं, हं" करत होते. म्हणून राणी पुन्हा उठली. घामाने काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. ढोलकीवाल्याची बोटं सुजली होती आणि तो बायकोला आठवून वाजवत होता. मी धापा टाकत भागीरथाबाईंकडे पाहिलं. आता त्या उठणार, असं वाटलं. त्यांनी एकदा आतल्या दाराकडे कान दिला. मग पदर सावरून जराशा मागे सरकल्या, भिंतीला टेकल्या आणि पाय लांब केले.

"राणी मेली नाही ना अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही जी, आई."

"मंग चालू द्या."